२७ तारखेला एकत्र लिहायला बसायचंय, वाचून घ्या

मंडळी, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. नुसते शुभेच्छांचे फोटो फॉरवर्ड करण्यापेक्षा त्या दिवशी आपण मीटवर बसून लिहूया असं ठरलंय. रात्री ९ वाजता, दुबईवाल्यांचे ७:३० आणि लंडनवाल्यांचे दुपारचे ३:३०. लिंक अर्धा तास आधी ग्रुपवर टाकते.

२५ मिनिटं लिहायचं, ५ मिनिटं ब्रेक, असे तीन राउंड. माइक बंद ठेवा प्लीज, मागच्या वेळी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांनी मोजल्या 😄 कॅमेरा तुमच्या मर्जीवर.

- कथा, कविता, डायरी, अर्धवट पडलेला लेख, काहीही चालेल. वहीत लिहिलं तरी चालेल.
- शेवटी ज्यांना वाचायचंय त्यांनीच वाचायचं, आग्रह नाही, आणि वाचणाऱ्याने प्रत्येकी तीन मिनिटांत आटपायचं.
- नवीन लोक पहिल्यांदाच वाचणार आहेत, तर लगेच ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका, आधी काय आवडलं ते सांगा, चुका त्यांनी विचारल्या तरच, त्याही पर्सनलवर. हे जुन्या मेंबरांना जास्त लागू आहे, कळलं ना कुणाला म्हणतेय ते!
- दुसऱ्याचं लिखाण ग्रुपबाहेर पाठवायचं नाही. अजिबात नाही.

येणाऱ्यांनी २५ तारखेपर्यंत खाली नाव टाका.