आमसुलांसाठी सौर वाळवणगृह : ग्रामस्थ, चाकरमानी व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मोसमी पाऊस तळकोकणात एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. 2025 साली तो 25 मे रोजीच दाखल झाला, आणि त्याच्याही आधी कित्येक दिवस अवकाळी सरी थांबल्या नव्हत्या. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हंगाम नेमका तेव्हाच भरात असतो. आपल्या प्रत्येक वाडीतल्या खळ्यांत रसाचे तिसरे-चौथे पुट दिलेली सोले, म्हणजे रातांब्याच्या साली, पसरलेली होती. सर आली की ताडपत्री टाकायची, ओसरली की काढायची, अंधार पडताना सगळे वाळवण पडवीत ओढून न्यायचे, असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी सालींवर पांढरी बुरशी दिसली आणि महिनाभर राबलेल्या आमच्या सभासद महिलांनी ती सोले स्वतःच्या हातांनी परसातल्या खड्ड्यात टाकली.

आमसूल एका उन्हात होत नाही. रातांबा फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यांत मीठ घालून सुटलेल्या रसात साल बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पाच-सहा पुटे बसली म्हणजे साल काळीभोर, मऊ आणि चिवट होते. ही पुटे देण्याच्या काळात सलग ऊन मिळाले नाही, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणूनच पावसाची चिन्हे दिसताच अनेक घरे कच्ची फळेच व्यापाऱ्याला देऊन मोकळी होतात. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु कच्चे फळ गोणीत भरून गेले की त्या नावाचे मोल गावाबाहेर कोणाच्या तरी पदरात पडते आणि आपल्या वाट्याला फळे उतरवण्याची मजुरी तेवढी राहते.

यावर उपाय म्हणून सामायिक सौर वाळवणगृह उभारण्याचा ठराव आमच्या महिला ग्रामसंघाने केला आहे. लोखंडी नळ्यांच्या कमानींवर अतिनील किरणांना टिकणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, खाली काळी फरशी, आत जाळीचे ट्रे आणि ओलसर हवा बाहेर फेकणारा, छोट्या सौर पॅनेलवर चालणारा पंखा, अशी ही साधी रचना असते. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 15 ते 20 अंशांनी जास्त राहत असल्याने साल लवकर वाळते आणि धूळ, माश्या, अचानक येणारी सर यांपासून वाचते. मराठवाड्यातील शेतकरी महिलांना अशी सौर वाळवणयंत्रे देणाऱ्या एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या उद्योगाला 2023 मध्ये अर्थशॉट हा पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, यावरून हे तंत्र किती आश्वासक आहे ते लक्षात यावे.

मात्र आभाळ सलग चार दिवस भरलेले असेल, तर केवळ सूर्यावर विसंबणारे वाळवणगृहही अडते, हे आम्ही आपल्यापासून लपवू इच्छित नाही. त्यासाठी नारळाच्या करवंट्यांवर चालणारी एक पूरक भट्टी जोडायची आहे; तिचा धूर चिमणीतून बाहेर जाईल आणि सालींना फक्त गरम हवा लागेल. लाकूडफाटा तोडून वाळवण करणे आम्हाला मान्य नाही, कारण ज्या रानावर रातांबा उभा आहे, तेच रान भट्टीत घालून मिळालेली कमाई फार काळ टिकणार नाही.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून 35 टक्के अनुदान आणि बँकेचे कर्ज मिळावे म्हणून आम्ही अर्ज केला आहे. स्वहिस्सा सभासदांनी बचतीतून जमवला आहे आणि कर्जाचे हप्ते आमसूल व आगळ (कोकमाचा खारवलेला रस) यांच्या विक्रीतून फेडले जातील, त्यामुळे यंत्राच्या किमतीसाठी आम्ही आपल्याकडे काही मागत नाही. कमी पडत आहेत ते 1 लाख 90 हजार रुपये : सिमेंटचा चौथरा आणि पूरक भट्टी यांसाठी 1 लाख 20 हजार, आणि देखभाल निधीसाठी 70 हजार. या दुसऱ्या रकमेबद्दल आमचा विशेष आग्रह आहे. गावोगावी सौर दिव्यांचे खांब मोठ्या समारंभाने उभे राहतात आणि बॅटरी संपली की कायमचे विझतात, कारण ती बदलण्याचे पैसे कोणीच बाजूला ठेवलेले नसतात. कमानीवरचा कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो आणि पंखाही कधीतरी बिघडतोच. त्या दिवशी आम्हाला पुन्हा कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये.

पैशांखेरीज आणखी दोन प्रकारे आपण मदत करू शकता. मुंबई-पुण्यात वायरमन, फिटर किंवा वेल्डर म्हणून काम करणाऱ्या चाकरमान्यांनी गणपतीच्या सुट्टीतले दोन दिवस आम्हाला द्यावेत आणि गावातल्या चार मुलींना पंखा, पॅनेल व जोडण्यांची दुरुस्ती शिकवावी. तसेच ज्यांची घरे वर्षभर बंद असतात, त्यांच्या परसातले रातांबे दरवर्षी झाडाखालीच कुजतात; ते उतरवण्याची लेखी परवानगी मिळाल्यास आम्ही झाडांची राखण करू आणि तयार आमसुलांतला ठरलेला वाटा घरमालकांना पोहोचवू.

देणगी केवळ ग्रामसंघाच्या बँक खात्यातच स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रकमेची छापील पावती मिळेल. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. चौथऱ्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी वाळवणगृह उभे करायचे आहे, म्हणजे पहिला रातांबा पिकेल तेव्हा ट्रे तयार असतील. त्यामुळे आपली मदत दसऱ्यापर्यंत आमच्याकडे पोहोचावी, अशी नम्र विनंती आहे.

आपल्या विश्वासू,
अध्यक्षा, सचिव व सर्व सभासद, महिला ग्रामसंघ