शेजारच्या खोलीतली मुलगी

जालना,
2 सप्टेंबर 2025

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. तू फोन ठेवल्यावर आई काही बोलली नाही, नुसती भाकरीचं पीठ मळत राहिली. तिचं न बोलणं तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. कागदावर निदान शब्द खोडता तरी येतो.

ताप परत आला नाही ना? तू पाठवलेला प्लेटलेट्सचा रिपोर्ट मी इथल्या डॉक्टरांना दाखवला. आकडा वाढतोय म्हणाले, पण शनिवारी एकदा पुन्हा तपासून घे. डेंग्यू कुणालाही होतो, त्याचा राग मला कशाला येईल? चार दिवस तू होस्टेलच्या खोलीचं दार लावून तापाने फणफणत पडलीस आणि भिंतीपलीकडच्या दोघींना त्याचा पत्ता नव्हता, हे मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. आणि हे मी पुन्हा काढणार नाही, असं आईला कबूल करून लिहायला बसलो होतो.

दुसरं बोलू. तुला पुण्याला विद्यापीठात सोडायला आलो तेव्हा आपण वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरलो. मी 1989 साली ट्रंक आणि वळकटी घेऊन शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरलो होतो, रात्रभराचा प्रवास करून. औरंगाबाद जवळ असताना पुणं कशाला, असं अण्णा शेवटपर्यंत म्हणत होते. विद्यापीठ चौकातला तो पूल, दादाच्या ॲडमिशनच्या वेळी तू ज्याच्यावरून खाली वाकून बघत होतीस, तो माझ्या वेळी नव्हताच, आणि 2020 साली मेट्रोसाठी पाडलाही. गेटच्या आत शिरल्यावर मात्र तोच गारवा, तीच वडाची झाडं. गव्हर्नरांसाठी बांधलेली ती मुख्य इमारत दिसली आणि मी तुझ्या बॅगा खाली ठेवून उभाच राहिलो. तुला वाटलं मला दम लागला.

आमचं सगळं रांगेत व्हायचं, मुक्ता. फॉर्म रांगेत, फी रांगेत, मनीऑर्डर आली की सहीसाठी रांग. जयकर ग्रंथालयात पुस्तक हवं तर आधी लाकडी खणातल्या कार्डांवरून बोटं फिरवायची, नंबर उतरवून चिठ्ठी काउंटरवर द्यायची आणि आतून पुस्तक येईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात ओळखी व्हायच्या. उमरगा मला तिथेच भेटला. त्याचं खरं नाव मला दोन महिन्यांनी कळलं, कारण आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाका मारायचो. ए उमरगा, ए चाळीसगाव. मी जालना. तू रात्री एक वाजता अंथरुणात पडल्या पडल्या जर्नलमधला पेपर उतरवून घेतेस, अर्ज फोनवर, निकाल फोनवर, क्रेडिटंसुद्धा कुठल्याशा बँकेत जमा होतात. चांगलंच आहे. त्या रांगांत आमचे किती दिवस वाया गेले. पण तुला कुणासाठी थांबावंच लागत नाही, मग तुझ्या शेजारी उभं कोण राहणार?

1990 च्या ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करायची घोषणा झाली, तेव्हा आमच्या मेसमध्ये ताटं बाजूला सारून भांडणं झाली. चाळीसगाव आणि उमरगा एकमेकांशी बोलेनासे झाले, ते कित्येक महिने. तेव्हा विद्यार्थ्यांच्या निवडणुकाही असायच्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्या थेट निवडणुका बंद झाल्या. मारामाऱ्या, पैसा, दहशत यांना लोक विटले होते, हे खरं. मीही एकदा त्या गर्दीत चष्मा फोडून घेतला. पण मतं मागायला का होईना, प्रत्येक खोलीचं दार वाजायचं.

बघ, पुन्हा दारापाशीच आलो.

ती काविळीची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 1990 च्याच नोव्हेंबरात मी आजारी पडलो. ‘कमवा आणि शिका’त होतो, सकाळी बागेला पाणी घालायचो. एक दिवस गेलो नाही, मेसलाही दोन वेळा गेलो नाही. तेवढ्यावर वाढपी मामांनी विचारलं, जालना कुठाय? उमरग्याने दार बडवलं. आत येऊन माझे डोळे बघितले आणि खाली रिक्षा आणायला पळाला. आणि ज्याच्याशी तो बोलत नव्हता, त्या चाळीसगावने मला पाठीवर घेऊन जिना उतरवला. तुला न सांगितलेली अर्धी गोष्ट अशी, की त्या आठवड्यात मी घरी आंतरदेशीय पत्रात लिहिलं, ‘इकडे सर्व क्षेम.’ अण्णांना ते कळलं संक्रांतीला. तेव्हा मी तुला ओरडलो कोणत्या तोंडाने? चुकलंच माझं.

अण्णांचा विषय निघालाच आहे, तर शकूआत्याबद्दलही लिहितो. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. तिलाही पुण्यालाच जायचं होतं. मुलीला एवढ्या लांब नको, एवढ्या एका वाक्यावर विषय संपला, आणि मी भाऊ असून तोंड उघडलं नाही. तुझं नाव प्रवेशाच्या यादीत आलं तेव्हा तिने गंगाखेडहून फोन केला आणि एकच विचारलं, विद्यापीठाला आता सावित्रीबाईंचंच नाव आहे ना? म्हटलं, हो, 2014 पासून. मग बराच वेळ ती बोललीच नाही. तुझ्या पदवीवर ते नाव छापलेलं ती बघणार आहे, मुक्ता. स्टॅटिस्टिक्सचं मला काही कळत नाही, तरी परवा पोस्टातल्या माणसाला मी तुझा विषय समजावून सांगत होतो.

शिवाय तू रात्री वाचनकक्षातून स्वतःच्या पायांनी परत येतेस. आमच्या वेळी मुलींना सातनंतर वेळेचा धाक असायचा, चर्चा रंगात आली की त्या उठून जायच्या आणि त्यांचं म्हणणं अर्धंच राहायचं. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मी आणि तू दोघांनी सह्या केल्या, तेव्हाही बरं वाटलं होतं. आम्ही ते सगळं मुकाट सोसायचो आणि पुढच्या वर्षी, लिहायला लाज वाटते, दुसऱ्यांवर करायचो. तेव्हा सगळं जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. डबा खोलीत मागव, हवा तर. अभ्यास आहे, दर आठवड्याला काहीतरी सादर करायचं असतं, कळतं मला. पण आठवड्यातून दोनदा तरी चौघांत बसून जेव. हा उपदेश झाला. राहू दे.

दादाच्या हाती साजूक तूप, मेतकूट आणि आईने शिवलेली नवी मच्छरदाणी पाठवतोय. मेतकुटाच्या पुड्या आईने तीन केल्या आहेत. एक तुझी, दोन त्या दोघींच्या. त्या तूच नेऊन दे, दादाला पाठवू नकोस. आणि शेजारच्या खोलीतली मुलगी कुठल्या गावची, एवढं मला कळव.

तुझे,
बाबा