छत्री, हेल्मेट आणि तुझं पिल्लू

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कुत्र्याचं पिल्लू येतंय, आठ आठवड्यांचं आहे, हे वाचून आनंद झाला. पण 'लसी पूर्ण होईपर्यंत उंबरठ्याबाहेर काढणार नाही' हे वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझ्या कुत्र्याच्या, शेरूच्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं रे.

तू आलास की तो अंगावर उड्या मारतो, म्हणून तुला बिनधास्त वाटतो. पण दारात कुणी छत्री उघडू दे! नखं फरशीवर खरडत, शेपूट पोटाशी घेऊन तो पलंगाखाली घुसतो आणि मागे ओला माग उरतो. छत्रीने त्याचं कधी काही वाकडं केलेलं नाही. लहानपणी त्याने ती पाहिलीच नव्हती, एवढंच. हेल्मेटवाला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, धावणारी पोरं, सगळ्यांची तीच गत. साडेचार महिने त्याला घरातच ठेवला. लोक म्हणायचे, 'किती शांत आहे!' शांत कसला, बिचाऱ्याला जगच ठाऊक नव्हतं.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहील, ऐकेल, हुंगेल ते त्याच्या लेखी 'आपलं' होतं. त्यानंतर नव्या गोष्टीचं कुतूहल मागे पडतं आणि भीती पुढे सरते. 1961 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुंपण घातलेल्या मोकळ्या शेतात, माणसाचा सहवास न देता पिल्लं वाढवली आणि वेगवेगळ्या वयात एकेका आठवड्यासाठी माणसांत आणली. चौदा आठवडे माणसांपासून दूर राहिलेली पिल्लं पुढे माणसाला नीट सरावलीच नाहीत. हे वाचलं तेव्हा शेरू दोन वर्षांचा झाला होता, म्हणजे मी बैल गेला नि झोपा केला!

लसीचा पेच खोटा नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि लसींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे लसी पुऱ्या होईपर्यंत शिकण्याचं वय निघून गेलेलं असतं. म्हणून प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्ये सांगितलं की पहिली लस घेऊन सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागेतल्या प्रशिक्षण वर्गात न्यायला हरकत नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोल. तोवर त्याला कडेवर घेऊन हिंड. जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर ठेवू नकोस. लसी झालेलं, शांत स्वभावाचं कुत्रं ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी ने. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल आधी लांबून ऐकव.

पण उत्साहाच्या भरात त्याला गर्दीत सोडू नकोस, त्याने उलटंच होतं. पाच जणांनी हातोहात फिरवलेलं पिल्लू माणसाळत नाही, घाबरतं. जवळ जायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे. ते ओठ चाटायला लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं, मान वळवून डोळ्यांचं पांढरं दाखवू लागलं, की समज, 'पुरे' म्हणतंय. दोन पावलं मागे ये, खाऊ दे, घरी चल. पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ झालं. (वहिनींना हे आधीच सांगून ठेव, त्या बारशासारखी माणसं बोलावतील.)

शेरूचं म्हणशील तर उशिरा का होईना, सुरुवात केली. मिटलेली छत्री कोपऱ्यात ठेवायची, भोवती खाऊ टाकायचा. दोन महिन्यांनी तो तिच्याजवळ जाऊन खायला लागला. अर्धी उघडायला आणखी चार महिने गेले. पूर्ण उघडली की अजूनही पलंगाखालीच.

पिल्लू आलं की पहिल्या रविवारी येतो. शेरूला घरी ठेवीन, छत्री मात्र बरोबर आणीन. मिटलेली.

तुझा,
अनिल