जुने विमान पुढेच का?

मा. संपादक,

२०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या हवाई संचलनात ‘टांगाईल’ नावाच्या रचनेत डाकोटा हे जुने, संथ मालवाहू विमान पुढे आणि त्याहून नवी दोन डॉर्निअर विमाने बाजूंना होती. जुन्याला पुढे ठेवणे हा नुसता मान नव्हे. संथ विमान मागे राहिले आणि थोडे जरी रेंगाळले, तरी अंतर भरून काढायला त्याच्याकडे जादा ताकद नसते. म्हणून वेग तेच ठरवते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानासोबत एफ-२२ हे आधुनिक लढाऊ जेट उडते तेव्हाही हेच: जेट नाक वर उचलून कसाबसा वेग आवरते, मस्टँगचा वैमानिक थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) स्थिर ठेवून मोठी, सावकाश वळणे घेतो.

खरी कसोटी जमिनीवर. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, गोलाकार दोन रांगांत. विमान उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी तंत्रज्ञ त्याचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवतात. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही, उलटाही फिरवायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचे. हे टाळले तर तेल दाबले जात नसल्याने पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि वाकलेला रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो.

संचलनाच्या समालोचनात या तंत्रज्ञांचे काम दोन वाक्यांत तरी सांगावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक