फवारणीची सूचना उन्हात वाचता येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपात बोंडअळीच्या आणि फवारणीच्या सूचना गावात पोचतात त्या कृषी केंद्रासमोरच्या फ्लेक्सवरून आणि व्हॉट्सॲपवरच्या चित्रांतून. मजकूर बहुधा बरोबर असतो, पण अक्षरे निळ्यावर लाल, नाहीतर पिवळ्यावर पांढरी. संगणकावर झकपक दिसते, शेताच्या धुऱ्यावर उभ्या माणसाला मात्र अक्षर लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. निदान आपल्याकडे तरी सूचनेचा रंग ही केवळ सजावट समजू नये.

अक्षर वाचले जाते ते उजळ आणि गडद यांतल्या फरकामुळे. रंग वेगळे असणे पुरत नाही. पडद्यावरच्या पांढऱ्याचा उजळपणा शंभर धरला, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५, लालचा २१.३ आणि निळ्याचा जेमतेम ७.२ असतो. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषात साध्या अक्षराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षराला ३ : १ एवढा फरक लागतो. निखळ निळ्यावर निखळ लाल भरते २.१५. पिवळ्यावर पांढरे तर १.०७, म्हणजे नसल्यातच जमा. त्याच निळ्यावर पिवळे घेतले की ८, पिवळ्यावर काळे घेतले की १९.६. शिवाय हे आकडे सावलीतले. उन्हात फोनच्या काचेवरचा उजेड अक्षरात आणि पार्श्वभूमीत सारखाच मिसळतो, काळा राखाडी पडतो आणि फरक घसरतो. म्हणून ७ च्या खाली जाऊच नये.

व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते, तेव्हा उजळ-गडदाचा तपशील बराच टिकतो, रंगाचा मात्र कमी होतो. निळ्यावरच्या लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात त्या यामुळे. सूचना करवून घेणाऱ्या साहेबांना लालच हवा असेल, तर अक्षराला जाड पांढरी किनार द्यावी.

फ्लेक्सवर लाल आणखी दगा देतो. छपाईत तो मॅजेन्टा (गडद गुलाबी) आणि पिवळ्या शाईतून बनतो, आणि उन्हात बहुधा याच दोन शाया आधी उडतात. धोक्याची ओळ फिकी पडते, सजावटीचा निळा टिकून राहतो! इशारा काळ्यातच छापावा. लाल पट्टी शेजारी खुशाल द्यावी. फोनवरचा झगझगीत हिरवा शाईत मिळतच नाही, तो मळकट उतरतो. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत केली, तर छापल्यावर धक्का बसत नाही.

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरत्या विषारीपणाने असतो. त्याचा तक्ता छापताना प्रत्येक त्रिकोणाशेजारी रंगाचे नाव आणि ‘अति विषारी’, ‘कमी विषारी’ असे शब्द हवेतच. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बायकांत हे क्वचित आढळते.

तपासणी फुकटात होते. तयार चित्र फोनमध्ये उघडून एडिटमधला मोनो फिल्टर लावायचा. कृष्णधवल झाल्यावर अक्षर पार्श्वभूमीत मिसळले, तर रंग बदलायचा. मग ब्राइटनेस अर्धा करून भर दुपारी अंगणात पाहायचे. फ्लेक्स असेल तर आधी एक फूट पट्टी छापून घ्यायची.

पंचायत समिती आणि कृषी कार्यालये फ्लेक्सचे दर मागवताना आकार आणि नग लिहितात. त्याखाली आणखी एक ओळ घालावी: ‘कृष्णधवल नमुना मंजूर झाल्याशिवाय छपाई करू नये.’

– एक फ्लेक्स डिझायनर, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ