काका, त्या दिवशी तुम्ही माझा पाय धरलात

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव मात्र घालत नाही. घातलं असतं तर पुढचे दोन महिने तुम्ही माझा फोन उचलला नसता.

मला वेड लावलं ते रिचर्ड बोनाच्या 'हेरिटेज'ने. २०१६चा अल्बम. कॅमेरूनमधल्या मिंटा गावात जन्मलेला हा बेस गिटारवाला क्यूबा-व्हेनेझुएलाचे वादक जमवून 'मंडेकन कुबानो' नावाचा ग्रुप बांधतो आणि त्यांच्या ठेक्यावर आपल्या दुआला भाषेत गातो. पियानोला ओस्मानी परेदेस, तालवाद्यांना क्विंतेरो बंधू, वर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. ऐकताना आधी वाटलं, बेस उशिरा येतोय. मग वाटलं, लवकर येतोय. ऑर्केस्ट्रात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, धपकन मूळ सूर मारून पोट भरणारा माणूस मी, तो नेमका कुठे येतोय तेच समजेना. पण ते वाजवता आलं नाही तर आपण बेस कशाला घेतला हातात, असं होऊन गेलं.

मग शिकायला ज्यांच्या दारात गेलो त्यांच्याबद्दल लिहितोच, कारण राग अजून गेलेला नाही. एका नावाजलेल्या क्लासमध्ये भरपूर फी घेऊन हातात एक कागद दिला. दुसऱ्या मात्रेनंतरची अर्धी आणि मग चौथी, एवढीच बेसची जागा. कागद बरोबरच होता हो. पण त्यावरून वाजवलं की नुसतं अडखळल्यासारखं यायचं. सर म्हणाले, "तो फील रक्तातच असावा लागतो," आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. आणखी एका सीनियरनी यूट्यूबच्या लिंका पाठवल्या आणि लगोलग जीपेवर पैसे मागितले. एकांनी विचारलं, "हे शिकून गणपतीत कुठे वाजवणार?" हा प्रश्न निदान प्रामाणिक होता.

तुमच्याकडे आलो तो तर कोंगो, म्हणजे हाताने वाजवायचा तो उभा क्यूबन ढोल, विकत घ्यायला! कुणीतरी सांगितलं होतं, भांडुपला एक जुने रेकॉर्डिंगवाले आहेत, त्यांना काढून टाकायचाय. कोंगो गॅलरीत होता, कातडं फाटलेलं, त्यावर फळी आणि फळीवर काकूंची कोरफडीची कुंडी. कावस लॉर्ड यांच्यासारख्या तालवादकांनी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बोंगो-कोंगो रुजवले, त्या वाटेने मागून आलेले तुम्ही. कागदावर 'रुंबा' नाहीतर 'चा-चा' असं ठेक्याचं नाव एवढंच लिहिलेलं असायचं, बाकी तुमचं तुम्ही बघून घ्यायचं. मग इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड आला आणि फोन वाजायचा थांबला. हे तुम्ही कुरकुर न करता सांगितलंत, म्हणून मला जास्त लागलं.

बेस पाठीवर होता. तुम्ही म्हणालात, "वाजव काहीतरी, नुसता ओझं कशाला वाहतोस?" मी तो कागदावरचा तुंबाओ, म्हणजे क्यूबन संगीतातली बेसची फिरती चाल, सुरू केला. आपण तबला, ढोलकी, भजनाचा ठेका ऐकत वाढलेली माणसं, सगळं फिरून समेवर येणार ही कानाची खात्रीच असते. क्यूबन तुंबाओत बेस नेमका तिथेच गप्प राहतो. चौथ्या मात्रेवर पुढच्या बारचा (चार मात्रांच्या गटाचा) सूर आधीच देऊन मोकळा होतो आणि सम रिकामी सोडतो. माझा हात गप्प राहायचा, पण उजवा पाय दणकन सम द्यायचा, आणि त्याच्या मागोमाग हातही चुकायचा.

ज्या माणसाला गुडघ्यांमुळे पूजासुद्धा खुर्चीवर बसून करावी लागते, तो माणूस भिंतीचा आधार घेत खाली बसला. आणि तुम्ही माझा पाय धरलात. तळव्याने वरून दाबून, लादीला टेकवून. मी केवढा ओशाळलो! वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! मी पाय ओढायला लागलो तर तुम्ही सोडेचना.

"काका, पाय काय धरताय?"

"पाय नाही रे, तुझी सम धरलीय. ती आता माझ्याकडे आहे. तू बिनधास्त वाजव."

दुसऱ्या हाताने तुम्ही कोंगोच्या लाकडावर क्लावे, म्हणजे क्यूबन संगीताचा आधाराचा ठेका, द्यायला लागलात. तीन आणि दोन, दोन बारमध्ये मिळून पाच ठोके. पाय हलेना म्हणून कान नाइलाजाने त्या ठोक्यांकडे गेला. किती वेळ गेला कोण जाणे, काकू आत येऊन बघून गेल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आणि मग कधीतरी बेस त्या पाच ठोक्यांच्या मधे जाऊन बसला. तुम्ही "शाब्बास" म्हणाला नाहीत. फक्त हात काढून घेतलात, आणि पाय आपोआप गप्प राहिला.

त्यानंतर मी तुम्हाला फोनवर बोना ऐकवला. त्याची गोष्ट सांगितली: लहानपणी बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं आफ्रिकन वाद्य) वाजवायचा, गिटार परवडेना तर स्वतः बनवली आणि तिला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. मिसरूड फुटायच्या वयात दुआला शहरात एका फ्रेंच क्लबवाल्याने त्याला जॅझ बँड उभा करायला सांगितलं आणि आपल्या शेकडो रेकॉर्ड्स त्याच्यापुढे ठेवल्या. त्यात जॅको पास्टोरियस या बेसवादकाची तबकडी निघाली आणि हा बेसकडे वळला. पुढे पॅरिस, १९९५ला न्यूयॉर्क. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे त्यालाही कुणीतरी कपाट उघडून दिलं." त्या क्लासवाल्या सरांना हे वाक्य फ्रेम करून पाठवावंसं वाटतं.

आणि रक्ताचंच काढायचं तर तेही काढू. मंडे भाषा बोलणारी, योरुबा, काँगोची, कितीतरी माणसं गुलाम करून जहाजांतून क्यूबाला नेली; तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ला. त्यांच्या ढोलांना स्पॅनिश गिटार भेटली आणि पुढे त्यातून 'सोन' हा संगीतप्रकार आला. १९३०च्या दशकात तोच सोन 'जी.व्ही.' मालिकेच्या तबकड्यांतून आफ्रिकेत परत पोचला आणि काँगोच्या वादकांनी त्याची आपली रुंबा केली. बोना क्यूबनांसोबत वाजवतो तेव्हा हा सगळा फेरा त्यात असतो. तुम्ही ऐकून म्हणालात, "मग हा पाहुणा कुठला? माहेरी आलाय." पण काका, तो ठेका टिकला तो कुणीतरी समोरच्याला शेजारी बसवून दिला म्हणून. रक्तात असता तर हवानाच्या कचाओसारख्या बेसवाल्यांना घरी आणि ऑर्केस्ट्रात एवढं घासावं कशाला लागलं असतं?

गर्दीच्या लोकलमध्ये काही न बोलता सरकून चौथी सीट करून देणारी माणसं असतात ना, त्यांच्यामुळे हे शहर चालतं असं माझं पक्कं मत आहे. त्यांना कुणी पुरस्कार देत नाही. तुम्ही फीसुद्धा घेतली नाहीत. पाकीट ठेवलं तर काकूंनी त्यात एक रुपया वर घालून परत केलं.

आता कामाचं. कोंगो मी विकत नेला नाही, पण तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा तुमच्या नातवाला फितवून तो नेला आणि नवीन कातडं चढवून आणलंय. कोरफडीसाठी स्टूल दिलंय, काकूंना पसंत आहे. ठाण्यात आमचा छोटा कार्यक्रम आहे. बोनाच्या वळणाची दोन गाणी मराठी शब्दांवर बसवली आहेत आणि कोंगोवाला अजून कुणाला सांगितलेला नाही. खुर्ची उंच मिळेल, गुडघ्यांची काळजी नको. रिहर्सल शनिवारी पाचला. चारला मी रिक्षा घेऊन खाली उभा असेन, तयार राहा.

तुमचा,
डोंबिवलीचा बेसवाला