घर पाडायच्या आधी

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपलं कोल्हापूरचं शुक्रवार पेठेतलं घर पाडून नव्यानं बांधायचं पक्कं झालं, हे ऐकून मला बरं वाटलं. २०१९ चा आणि २०२१ चा, असे दोन महापूर अंगावर घेतलेल्या त्या मातीच्या भिंतींत तुम्ही दोघांनी आणखी एक पावसाळा काढू नये, असं मला कधीचं वाटत होतं. तेव्हा घर पाडू नका म्हणायला हे पत्र नाही. पाडायच्या आधी थोडं काम आहे, ते सांगायचंय. फोनवर ते नीट सांगता येत नाही, आणि तुम्हाला कागदावर लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायला आवडतं.

तुम्ही विचारलंत, पाया खणताना काही निघेल का. काकांना हंडा निघेल असं वाटतंय. मला वाटतं, खापरं नक्की निघतील. आपलं घर ब्रह्मपुरीपासून लांब नाही. पंचगंगेच्या काठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. त्याच्या जरा आधी राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार तिथं काम करत होते. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, नाणी निघाली, आणि ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा निघाला. टाऊन हॉलच्या संग्रहालयात तुम्ही मला दाखवलेली ती समुद्रदेवाची लहानशी मूर्ती त्यातलीच. पोसायडन, ग्रीकांचा देव. त्याच साठ्यात रोमन घडणीची झारी होती, आरसा होता आणि माणसं बसलेला हत्तीही होता.

आता मला नेमकं काय म्हणायचंय ते सांगते. समजा हीच मूर्ती मुंबईच्या एखाद्या दुकानात काचेच्या कपाटात मिळाली असती. सुंदर आहे, जुनी आहे, पाश्चात्त्य धाटणीची आहे, एवढं म्हणून आपण थांबलो असतो. ती ब्रह्मपुरीत मिळाली, इतर भांड्यांच्या साठ्यात मिळाली, सातवाहनांची नाणी आणि विटांची घरं असलेल्या वस्तीत मिळाली, म्हणून ती बोलते. पावसाळी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडून जहाजं कोकणच्या बंदरांना लागत, माल घाट चढून देशावर येई, आणि तो विकत घेण्याची ऐपत असलेली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या काठावर राहत होती, हे सगळं त्या जागेमुळे आणि शेजारच्या वस्तूंमुळे कळतं. आमच्या विषयाचा, पुरातत्त्वाचा, सगळा जीव यात आहे. वस्तू कुठे पडली होती, किती खोल, कशाच्या शेजारी, कशाच्या वर आणि कशाच्या खाली, हे नोंदलं नाही तर उरते ती नुसती वस्तू.

त्याच १९४५ साली इंग्रज पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला खणत होते. त्यांना इटलीत बनलेल्या लाल ताटल्यांचे तुकडे सापडले. त्या ताटल्या कोणत्या काळात बनत, हे युरोपात आधीच ठाऊक होतं. मग त्यांच्याच थरात मिळालेल्या आपल्याकडच्या मडक्यांचाही काळ ठरवता आला, आणि तशीच मडकी जिथे जिथे मिळाली, त्या जागांनाही आधार मिळाला. एका ताटलीच्या तुकड्यानं केवढं काम केलं बघा! पण तो कोणत्या थरातला, हे लिहिलेलं नसतं, तर काहीच झालं नसतं.

थर म्हणजे काय, हे तुम्हाला मी पुस्तकातून कशाला सांगू? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर माजघरात जो गाळ बसला, तो आपण फावड्यानं काढला. परसातल्या आडाच्या कडेला मात्र तसाच राहिला, आणि वर्षभरात त्यावर राख, पालापाचोळा, फुटक्या कौलांचे तुकडे पडून तो दबून गेला. उद्या तिथे सरळ उभा छेद घेतला, तर तो बारीक मातीचा पट्टा स्पष्ट दिसेल. त्याच्या खालचं सगळं त्या ऑगस्टच्या आधीचं, वरचं त्यानंतरचं. २०२१ चा गाळ त्याच्याही वर असेल. पण कुणी नंतर खड्डा खणून झाड लावलं असेल, तर तो खड्डा थर तोडून खाली जातो, आणि वरची वस्तू खालच्या पातळीवर जाऊन बसते. उंदराचं बीळसुद्धा हे करतं. म्हणून आम्ही कुदळ कमी आणि गवंड्याची करणी जास्त वापरतो, आणि मातीचा रंग जरा बदलला, हाताला वेगळी लागली, की थांबतो. जेसीबीचा एक घास हे सगळं एकत्र कालवून ट्रॅक्टरमध्ये भरतो. त्यात काही सापडलंच, तरी ते मुंबईच्या त्या दुकानातल्या मूर्तीसारखंच झालेलं असतं.

आई, तू नेहमी विचारतेस की दिवसभर फुटकी खापरं धुऊन मी काय मिळवते. मडकं फुटतं, पण भाजलेली माती कुजत नाही. लाकूड जातं, कापड जातं, धान्य जातं, खापर राहतं. आणि मडक्याचा काठ, माती, भाजणी, लेप, नक्षी ही पिढ्यांगणिक हळूहळू बदलत जाते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याची खापरं एकदा हातात घेऊन बघ. लाल, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर खणकन वाजतात. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुंभाराची भट्टीवर केवढी हुकमत होती, हे त्या आवाजावरूनच कळतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या देशातल्या बहुतेक माणसांचं नव्हतंच. ताम्रपट राजांचे, शिलालेख दान देणाऱ्यांचे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा इतिहास लिहायचा, तर तिच्या मडक्याखेरीज दुसरा कागद नाही.

काळ मोजायची आणखी एक रीत आहे, ती थोडक्यात सांगते, कारण बाबा विचारतीलच. झाड, जनावर, माणूस जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतो. त्यात कार्बन-१४ नावाचा एक किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा असतो. जीव गेला की भर थांबते, आणि आहे तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजलं की मरणाचा काळ निघतो. साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत. विलार्ड लिबी यांनी ही रीत १९४९ च्या सुमारास मांडली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दगडाला आणि धातूला ती लागू नाही. आणि तीही डोळे झाकून वापरायची नसते. आपल्या माजघरातली सागवानी तुळई पणजोबांनी एका पडक्या वाड्यातून आणली, असं आजी सांगायची. तिचा काळ काढला, तर झाड कधी वाढत होतं ते कळेल. आपलं घर कधी उभं राहिलं ते नाही. म्हणून आम्ही जळलेला दाणा शोधतो. तो एका हंगामाचा असतो. चुलीजवळची माती पाण्यात ढवळली, की असे दाणे वर तरंगतात.

आता इनामगावबद्दल. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ सांकळिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या माणसांनी तिथं काम केलं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० एवढ्या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. जव मुख्य पीक होतं, नदीचं पुराचं पाणी वळवायला कालवा होता. आणि घराच्या जमिनीखाली मुलं पुरलेली होती. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत तान्ह्या मुलाची हाडं, आणि शेजारी लहान भांडी. आई, मी पहिल्यांदा त्याचे फोटो पाहिले, तेव्हा मला आजीचं ते न जगलेलं पहिलं मूल आठवलं. आपल्याकडेही तान्ह्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. पण म्हणून तीच रीत तिथून इथवर चालत आली, असं मी म्हणू शकत नाही. मधल्या तीन हजार वर्षांचा दुवा दाखवावा लागेल. एवढं मात्र म्हणता येतं, की त्या घरानं ते मूल लांब टाकलं नाही, आपल्याच जमिनीखाली ठेवलं.

मोठ्या माणसांना मात्र घोट्याखालचे पाय तोडून पुरत. मेलेल्यानं परत चालत येऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. हाडावरून पाय तोडले हे कळतं. का तोडले, ते हाड सांगत नाही. या दोन वाक्यांतलं अंतर राखणं, हे मला या कामानं शिकवलं. मग एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण निघाला. त्यात एक पुरुष बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. घर मोठं, पुरण्याची रीत वेगळी, पाय अखंड. तिन्ही एकत्र आले, तेव्हा हा वस्तीतला मानाचा माणूस असावा असं म्हणता आलं. कुणी तो रांजण नुसता उचलून विकला असता, तर तो फक्त एक विचित्र रांजण राहिला असता. पुढे इ.स.पूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकारीच्या हाडांचं प्रमाण वाढलं. पाऊस कमी झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. दुष्काळ त्यांनी कुठे लिहून ठेवला नाही, पण त्यांच्या घरांच्या आकारात आणि उकिरड्यातल्या हाडांत तो दिसतो.

म्हणून माझी विनंती आहे. भंगारवाल्याला इतक्यात बोलावू नका. आजीचं जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, फडताळातले डबे, हे सगळं जिथे आहे तिथेच राहू द्या. बाबा, तुमच्या हिशेबाच्या वहीत घराचा नकाशा काढा, खोलीखोलीनं, आणि कुठे काय आहे ते लिहा. आई, तू बाजूला बसून सांग, ते कुणी वापरलं, कशासाठी, आणि कधी बंद झालं. चुलीच्या मागच्या कोनाड्यात काय ठेवायचात? जातं उंबऱ्याजवळच का होतं? तुमच्या दोघांखेरीज हे आता कुणालाच ठाऊक नाही, आणि हाडासारखंच जातंही ‘का’ ते सांगत नाही. तुम्ही असताना ते विचारायचं राहून जाऊ नये.

कंत्राटदाराला सांगा, पायाचे चर जेसीबीनं काढायच्या आधी मला तिथं एक हाती खड्डा घेऊन माती पाहू दे. यानं त्याचं काम लांबणार नाही, मी रविवारी उरकेन. हे उत्खनन नव्हे, त्याला परवानगी लागते. मी फक्त थर बघेन. आणि खरंच काही निघालं, भांडं, नाणी, मूर्ती, तर कुणीही उचलू नये, धुऊ तर मुळीच नये. जसं आहे तसं ठेवून फोटो घ्यावा, शेजारी पट्टी ठेवून. काकांनाही नीट सांगा. पुरलेल्या धनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. टाऊन हॉलच्या संग्रहालयातही सांगता येईल, ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याचंच आहे. लपवून ठेवलेलं नाणं कपाटात राहतं आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी पहाटे पोचेन. घमेलं आणि चाळणी घरात आहेच, करणी आणि मोजपट्टी मी आणते. बाबा, गुडघा दुखत असेल तर माळ्यावर चढू नका, तिथली यादी मी आल्यावर करू. आईनं रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी.

तुमची,
धाकटी